डावा कौल

३ फेब्रुवारी
मल्हारदादा आजही उठला नाही! मुंबईहून आल्यापासून भिंतीकडे तोंड. दावणीला शेरडं ओरडून दमली, ह्याला ऐकूच येत नाही. शेजारचे सयाजीनाना शिकवून गेले, "चार दीस शेरडामागं हिंड गड्या, आपुआप सरळ हुशील." डोकं फिरलं माझं.

६ फेब्रुवारी
शेवटी त्याला कराडला नेलं. डॉक्टर म्हणाले, नैराश्य. गोळ्या दिल्या, गुण यायला काही आठवडे लागतील. "घरात आधी कुणाला असा त्रास?" आई पटकन म्हणाली, "न्हाई वो, कुनालाच न्हाई."
येताना एसटीत मी आईला सगळं समजावलं. बारावीच्या पोरांना जीवशास्त्र शिकवते, आईला सांगायला काय जातंय! मेंदू, त्यातली रसायनं, आणि हे रक्तातूनही येतं, आईबापांकडून पोरांकडे. ती खिडकीबाहेर बघत राहिली. माझं बोलणं नेहमीसारखं वाऱ्यावर.

७ फेब्रुवारी
आई जेवली नाही.

८ फेब्रुवारी
सकाळीच बिरोबाला कौल लावून आली! देवाच्या दोन्ही अंगांना फुलं चिकटवायची. उजवं पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. डावं पडलं म्हणे. झालं, आता गोळ्या बंद! तोंडाला येईल ते बोलले. "मेंदूचा आजार दगडाला विचारतेस?" तिनं दादाच्या कपाळाला भंडारा लावला आणि चुलीकडे गेली.

११ फेब्रुवारी
नुसता वैताग! नवीन संशोधन वाचायला घेतलं, तर तिथंही सरळ उत्तर नाही. एक रसायन कमी पडलं की नैराश्य, असं मी वर्गात बिनधास्त सांगते. तेवढं सोपं नाही म्हणतात. आनुवंशिकतेचा वाटा असतो, पण ती एकटीच कारण नाही. मग एसटीत छाती ठोकून काय सांगत होते मी?

१२ फेब्रुवारी
आई गोळ्या देतेय! रोज, स्वतःच्या हाताने, दुधाबरोबर. मग कौल कशाला लावला? विचारलं तर म्हणे, "तुला काय करायचं हाय?"

१५ फेब्रुवारी
शेरडांना पाला टाकता टाकता आज आपणहून बोलली. "गोळ्यांचं न्हवतं इचारलं. मल्हार झाला तवा मी बी वरीसभर अशीच पडून हुते. तू म्हनलीस रक्तातनं येतं. माझ्याकडनं गेलं का त्येच्यात, त्ये इचारलं. देव न्हाई म्हनला." मग हातातला पाला खाली ठेवला. "माया, खरं असंल का गं?"
मी म्हटलं, खरं आहे आई. देव बरोबर सांगतोय.