पिकअपचं वाकडं स्टेअरिंग

तीर्थरूप अण्णा,

तुम्ही असताना तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही. लिहायची वेळच कुठे आली? एकाच घरात राहत होतो, आणि बोलणंही बेताचंच होतं. पण काल हिरामणदादाची पिकअप आपल्या गॅरेजच्या शेडवर आली आणि माझ्या पायाखालची जमीनच सरकली. जेवण जाईना, तेव्हा आई म्हणाली, "मनात जे आहे ते त्यांनाच सांग." म्हणून लिहायला बसलोय.

हिरामणदादा आठवतो ना? सुरगाण्याकडचा. नागली, भात, वणीला जाणारी माणसं, जे मिळेल ते गाडीत भरून घाट चढणारा. तुमच्या हातातली शेवटची गाडी त्याचीच होती. पुढचं सगळंच झिजलेलं होतं, बॉल जॉइंट, बुश, टाय रॉड. दोन्ही हातांनी चाक धरून हलवलं की खटखट वाजायचं. तुम्ही दोन दिवस तिच्याखाली होतात.

त्या सकाळी डावी बाजू पुरी झाली होती. चाक वळवणाऱ्या उजव्या टाय रॉडचा जुना जॉइंट तुम्ही आटे मोजत सोडवलात. जितक्या आट्यांनी सुटला तितक्याच आट्यांवर नवा बसवायचा, म्हणजे चाक जागेवर राहतं. आकडा नेहमीसारखा खडूनं मडगार्डवर लिहिलात आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून आईला म्हणालात, "आटे मोजून ठेवलेत. चहा टाक."

आई चहा घेऊन आली तेव्हा तुम्ही चाकाला टेकून बसला होतात. तिला वाटलं, डोळा लागला. मी तेव्हा सातपूरला कंपनीत होतो. निरोप मिळून घरी येईपर्यंत सगळं संपलं होतं. निदान त्या दिवशी तरी मला सुट्टी असायला नको होती का हो?

दहा दिवस पिकअप तशीच ठोकळ्यांवर उभी राहिली. तिसऱ्या दिवशी हिरामणदादा भेटायला आला, दाराशी बसला, रडला. म्हणाला, "गाडीचं राहू द्या भाऊ. आधी सुतक फिटू द्या." त्याची माणसं दुसऱ्याच्या जीपनं जात होती, पण तो चकार शब्द बोलला नाही.

दहाव्याचं करून आम्ही घाटावरून आलो. आत्या म्हणाली, "आता घर, शेड, समदं धुऊन काढा. काय शिवाशिव राहायला नको." सगळे कामाला लागले. कोणी फरशी धुतली, कोणी भंगाराचे डबे रिकामे केले. पिकअप मी घेतली. तुमचा शेवटचा हात तिला लागलेला. पाइप लावला, साबण लावला, बोनेटपासून पायरीपर्यंत हातानं चोळली. इतक्या मायेनं मी आयुष्यात गाडी धुतली नव्हती!

दुसऱ्या दिवशी नवा जॉइंट हातात घेतला आणि आकडा बघायला मान वर केली. मडगार्ड लख्ख होतं.

अण्णा, तुमचं शेवटचं अक्षर मी धुतलं. माझ्याच हातानं. जुना जॉइंट ताडून बघावा, तर तोही भंगारात गेलेला. पंधरा होते? सतरा? एकोणीस? आईला विचारलं. ती म्हणाली, "मोजून ठेवलेत एवढंच म्हणाले रे." मी शेडमध्ये बसून रडलो. तुम्ही गेलात त्या दिवशीसुद्धा मी इतका रडलो नव्हतो.

गाडी आग्रा रोडच्या अलाइनमेंटच्या मशीनवर नेता आली असती. तीच मशीन, जिच्यावरून मी तुम्हाला गिऱ्हाइकासमोर बोललो होतो. "अण्णा, दोरी लावून चाकं सरळ करायचे दिवस गेले. लोक हसतात." तुम्ही दोरी पंजावर गुंडाळलीत आणि खिळ्याला अडकवलीत. त्यापेक्षा एक शिवी हासडली असतीत तर बरं झालं असतं! माफी मागायची राहिली ती राहिलीच.

म्हणून मी मशीनवर गेलो नाही. तुमचं अर्धं काम तुमच्याच दोरीनं पुरं करायचं ठरवलं. शाळेत असताना मी दोरीचं मागच्या चाकाकडचं टोक धरायचो, तेवढ्या शिदोरीवर. नवा जॉइंट अंदाजानं बसवला, मागच्या चाकापासून पुढपर्यंत दोरी ताणली, चाक दोरीला लावलं, नट आवळला. दोन तास लागले.

हिरामणदादा पेठ रोडला चक्कर मारून आला. खाली उतरला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "झ्याक झाली भाऊ. बापावानीच."

त्या एका वाक्यावर मी कंपनी सोडली, अण्णा. सगळ्यांनी वेड्यात काढलं. मी म्हटलं, बापावानी काम येतंय, मग दुसऱ्याचं कार्ड कशाला पंच करायचं? चार वर्षं झाली. शेड चालू आहे, पाटी तुमच्याच नावाची आहे.

आणि काल हिरामणदादा आला. जॉइंटांची रबरं फाटली होती, स्टेअरिंग पुन्हा सैल खेळत होतं. मी चालवून बघायला बसलो. रस्ता सरळ, गाडी सरळ, आणि स्टेअरिंग मात्र वाकडं! उजवीकडे चांगलं चार बोटं फिरवून धरावं तेव्हा गाडी नाकासमोर जाते.

"हे कधीपासून?" मी शेजारी बसलेल्या दादाला विचारलं.

तो खिडकीतून बाहेर बघायला लागला. "पयल्यापासून."

"पहिल्यापासून म्हणजे?"

"तुमी केली तवापासून, भाऊ. टायर बी एका बाजूनंच खाती. ह्या बाजूचा टायर त्या बाजूला घालतो, चालवतो. एकदा सावळघाटात फुटला. मागं पंधरा माणसं व्हती. देवीनं राखलं, गाडी डोंगराकडं घासली."

मी करकचून ब्रेक दाबला. गाडी कडेला घेतली. "मग सांगितलं का नाही? चार वर्षं!" मी त्याच्यावर ओरडलो. वडीलधाऱ्या माणसावर ओरडलो.

तो शांतपणे म्हणाला, "आवं, बापाच्या दहाव्याचं पाणी वाळलं नव्हतं तुमच्या हातावर. तवा कसं बोलू? मंग तुमी कंपनी सोडली म्हणून कळालं. मंग तर तोंडच उघडंना. हाताला सवय पडली म्हणलं, चालतंय."

घरी आलो तो सरळ स्वयंपाकघरात. आईला सगळं सांगितलं. म्हटलं, "दोरी तर बरोबर लावली होती गं. चुकलं कुठे?"

ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "आणि पंचा? पंचा बांधला होतास का?"

"कसला पंचा?"

"अरे, ते आधी स्टेअरिंग सरळ करायचे आणि खांद्यावरच्या पंचानं सीटला आवळून बांधायचे. हलायला नको म्हणून. मगच दोरी काढायचे. रोज काळा करून आणायचे, मी रोज ओरडायची."

अण्णा, मी मागच्या चाकापाशी उभा असायचो. तुम्ही आत काय बांधताय ते मला कधी दिसलंच नाही. स्टेअरिंगवर तुमचा पंचा बघितलेला आठवतो, पण मला वाटायचं, तुम्ही तो तिथे वाळत घालता! गाडीखाली कधी न गेलेल्या आईला जे दारातून दिसलं, ते मला तुमच्याजवळ उभं राहून दिसलं नाही. एकदा तरी हाक मारून दाखवायचंत ना! की मी विचारायची वाट बघत होतात?

पंचा तिनं कपाटात धुऊन, घडी करून ठेवला होता. ग्रीसचा एक डाग तरीही राहिलाय.

आज सकाळी काम केलं. चारही जॉइंट नवे घातले. स्टेअरिंग सरळ धरून पंचा बांधला, गाठ दोनदा ओढून बघितली. दोरीचं दुसरं टोक धरायला आई आली. पदर खोचून, मागच्या चाकापाशी वाकून. "वर की खाली?" विचारत होती.

हिरामणदादा गाडी घेऊन निघाला आणि नाक्यावर पोचायच्या आधीच गाडी उजवीकडे जायला लागली. मी मागे धावलो. मग कळलं, गाडी सरळच होती. त्याचे हात वाकडे होते. चार वर्षांच्या सवयीनं त्यानं स्टेअरिंग तसंच फिरवून धरलं होतं. त्यानं हात सरळ केले, गाडी सरळ झाली, आणि खिडकीतून हात बाहेर काढून तो हसला.

मी तिथेच उभा राहिलो. मनात आलं, तुम्हीही माझं काय काय असंच वाकडं धरून चालवलंत, अण्णा? ते दोरीचं बोलणं, तुमच्यासोबत शेडमध्ये न बसणं? हाताला सवय पडली म्हणून गप्प राहिलात का? मला सांगायला हवं होतंत. मी रागावलो असतो, पण ऐकलं असतं. निदान आज तरी तसं वाटतं.

आता एक वचन देतो. पंचा दोरीच्या शेजारी खिळ्याला टांगलाय. तो बांधल्याशिवाय या शेडमधून एकही गाडी सुटणार नाही. आणि गाडी नेणाऱ्याला मी आठ दिवसांनी बोलावून स्वतः विचारीन, काही वाकडं आहे का. माझा मान ठेवण्यासाठी कोणालाही घाटात वाकडे हात धरायला लावणार नाही.

हिरामणदादाच्या गाडीच्या आट्यांचा आकडा या वेळी खडूनं लिहिला नाही. छिन्नीनं चेसीवर कोरलाय, पाण्यानं जाणार नाही असा.

आटे मोजून ठेवलेत, अण्णा.

तुमचा,
सुन्या