पाण्याचा माणूस रिकामा झाला त्याबद्दल

ती. बाबांना जावयाचा वाकून नमस्कार.

गुडघा कसा आहे? इकडे घरी सर्व ठीक. कामावर मात्र माझी चाचणीच्या खोलीतून भांडारात रवानगी व्हायच्या बेतात आहे. (काळजी नसावी. भांडारात पंखा आहे.)

परवा आपण आमची प्रयोगशाळा पाहायला आलात, मोठी कृपा झाली. तिथले बिल्ले आठवत असतील. किरणोत्साराच्या जागी काम करणारे ते छातीवर लावतात. अंगावर न्यूट्रॉनचा किती मारा झाला ते बिल्ला सांगतो. तो खरं सांगतो का, हे आम्ही तपासतो. मोजून मारा द्यायचा आणि बिल्ला काय म्हणतो ते पाहायचं. माणसाला असा मारा देता येत नाही (आमच्या हिशेबनिसाबद्दल दुमत आहे), म्हणून छातीच्या जागी पाण्याने भरलेली पारदर्शक पेटी असते. न्यूट्रॉन पाण्यात शिरतात, दमतात, काही मागे फिरतात. हे बिल्ले मुख्यतः त्या परतणाऱ्यांनाच मोजतात. पाणी नाही तर परतणारे नाहीत.

आपली हयात पाणीपुरवठा खात्यात गेली. साचलेलं पाणी आपल्याला बघवत नाही, हे लग्न ठरतानाच कळलं होतं (आपण मुलाच्या आधी आमची टाकी पाहिलीत). मी चहा सांगायला गेलो, तेवढ्यात कोणा सज्जनाने पेटी मोरीत ओतली, आतून पुसली आणि झाकण पुन्हा घट्ट बसवलं. नाव घेत नाही. काठोकाठ भरलेली पेटी आणि रिकामी पेटी दिसायला सारखीच. दुसऱ्या दिवशी पेटीचा गाडा एका बोटाने सरकला, तेव्हा चाकांना तेल घातल्याबद्दल मी मिस्त्रींचे आभार मानले. मिस्त्रींनी ते स्वीकारलेही.

मग एकजात सगळ्या बिल्ल्यांनी मारा कमी दाखवला. बिल्ले बनवणारे फोनवर कडाडले, "आमचे बिल्ले आंधळे ठरवता काय?" मी बाणेदारपणे हो म्हणालो. तेवढ्यात आमच्या प्रमुख बाईंनी पेटीवर टिचकी मारली. ती रिकाम्या डब्यासारखी वाजली.

"हा माणूस कोणी रिकामा केला?"

"वाफ झाली असेल, बाई."

"आणि जाताना फडकं मारून गेली?"

मी वाफेवरच ठाम राहिलो. (सासुरवाडीची अब्रू.) फेरचाचणी सोमवारी आहे. तोवर नाव कळलं नाही, तर मी भांडारात.

सासूबाईंना नमस्कार. गुडघ्याला शेक द्यावा.

आपला आज्ञाधारक जावई

ता. क. : 'पेटी मी रिकामी केली' एवढंच आपल्या अक्षरात लिहून उलटटपाली पाठवावं.

ता. क. दुसरा : काही पाठवू नये. आपल्या लेकीने बाईंना फोन करून सगळं सांगितलं. बाई म्हणाल्या, पेटी इतकी स्वच्छ त्यांनी कधी पाहिली नव्हती. सोमवारपासून पेटी भरायचं काम मानधनावर आपल्याकडे. मी भांडारात (वाफेची थाप मारल्याबद्दल). बादली माझ्या ताब्यात आहे. हवी असल्यास रीतसर अर्ज करावा; अर्जात नात्याचा उल्लेख नसावा.