दुखण्याचा आकडा

शमशेर चाचा, सलाम.

१. कमरेच्या ऑपरेशननंतर तुम्ही आमच्या ऑनलाइन मदत-गटात आलात.
२. दुखणं शून्य ते दहामध्ये किती, हे दर सोमवारी कळवायचं असतं. तुम्ही नेहमी 'दोन' लिहिता.
३. या सोमवारीही दोनच लिहिलंत. शुक्रवारपर्यंत तो बदलला नाही, तर आता व्यायामाची गरज नाही असं धरून शनिवारी तुमची मदत बंद होईल.

तुमचं आणि अब्बांचं बोलणं तुटलं तेव्हा मी शाळेत होते. या गटातली सांगलीची फिजिओथेरपिस्ट म्हणजे तीच अर्फा, हे तुम्ही ओळखलं नाहीत. परवा फोनवर म्हणालात, "लय न्हाई दुखत, मॅडम. माज्यापेक्षा टॅक्सीच जास्त कण्हते."

मी लहान असताना महाबळेश्वरला तुमच्या टॅक्सीच्या दारात तुमचं बोट चेंगरलं, तेव्हाही असंच हसून "लय न्हाई" म्हणाला होतात. मग पसरणीचा घाट उतरेपर्यंत मला मोठ्याने गाणी म्हणायला लावलीत. तुमचं कण्हणं मला ऐकू येऊ नये म्हणून, हे पुष्कळ उशिरा कळलं. ती गाणी अजून पाठ आहेत.

पाकिटावर माझा पत्ता घातलेला नाही. तुमचं उत्तर घरी आलं, तर अब्बांना काय सांगायचं ते ठरत नाही.

तुमचा आकडा मला बदलता येत नाही. शुक्रवारपर्यंत खरा आकडा गटावर कळवा.

अर्फा