दोनदा मोजलेल्या पाखरांचा माळ

मी, दमयंती नारायण खर्डेकर, वय ७४, निवृत्त शिक्षिका, राहणार कर्जत, जिल्हा अहिल्यानगर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दबावाविना लिहिते. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. माझा मुलगा धवल याने तो दोनदा वाचावा. याआधीचे मृत्युपत्र रागात लिहिले होते, ते रद्द समजावे.

१. राहते घर व ठेवी धवलला. सूनबाई निकिता माझ्या दुर्बिणीतून समोरच्या गच्चीवर कोणाचे काय वाळतेय ते पाहते, म्हणून दुर्बीण तिला. नजर चांगली आहे, विषय चुकला आहे.

२. पक्षिनोंदींच्या आठ वह्या वाचनालयाला द्याव्यात व त्यांवर पुढील कबुली डकवावी. हिवाळ्यात दूरदेशाहून येणारे भोवत्या हे शिकारी पक्षी सांजेला माझ्या माळावरच्या गवतात मुक्कामाला उतरतात. मी पूर्वेच्या बांधावरून मोजत असे, शेजारचे शेतकरी गहिनीनाथ पश्चिमेच्या. दोघांची बेरीज मी पक्षिगणनेला पाठवी. पण हा पक्षी उतरण्याआधी सगळ्या माळावर घिरट्या घालतो. दुसऱ्याच वर्षी गहिनीनाथ म्हणाले, "बाई, येकच पाखरू तुमी बी मोजताय, मी बी मोजतोय. निम्मी करा."

"तुम्ही तुमच्या म्हशी मोजा," मी म्हणाले. तेव्हापासून सहा वर्षे आमचा अबोला आहे. तरी ते आकड्याची चिठ्ठी माझ्या फाटकात खोचतात, खाली 'निम्मी करा' असे लिहून. मी बेरीजच केली. एका वर्षी एकशे चौदा झाले आणि माझा सत्कार ठरला. चूक मला सत्काराच्या आधीच कळली होती. मी गप्प बसले, शाल घेतली. याची मला लाज वाटते. शाल गहिनीनाथांना द्यावी.

३. माळाची चार एकर जमीन वडिलांनी मला बक्षीसपत्राने दिली. धवलने तिथे प्लॉट पाडायचा नकाशा काढला आहे. त्यात माझ्या नावाची बागही आहे. आभारी आहे. जमीन त्याला मिळणार नाही. गवत गेले की पाखरे उतरायची नाहीत.

ही जमीन मी गहिनीनाथांना देते. त्यांचे पाखरांवर किती प्रेम आहे ते मी कधी विचारले नाही, पण मला खोटे पाडायला ते रोज सांजेला बांधावर बसतील आणि माळाला नांगर लागू देणार नाहीत, याची खात्री आहे.

गहिनीनाथ, तुमचे बरोबर होते. आता मोजणारे तुम्ही एकटेच, तेव्हा आकडा चुकणार नाही.

सही: दमयंती ना. खर्डेकर
कर्जत, २ मार्च २०२५

बाईंनी आमच्यादेखत वाचून सही केली. आम्हा दोघांना यात काही मिळत नाही, हेही त्यांनी वाचून दाखवले.
साक्षीदार: १. सूर्यभान काळे २. राहीबाई तनपुरे