आस्पर्नला वाढलेलं पान

१४ सप्टेंबर, डब्लिन (ओहायो)

मिळालं बाई घर एकदाचं! ओहायोत आल्यापासून हॉटेलात मायक्रोवेव्हचा भात खाऊन जीव विटला होता. किचन ऐसपैस, शेजारी नीनाकाकू. शंतनू तर बॅकयार्ड बघूनच सही करायला निघाला. घरमालक म्हातारा वृद्धाश्रमात गेलाय. बेसमेंटमधलं त्याचं टेबल हलवायचं नाही, एवढीच अट. त्यावर आस्पर्नची लढाई मांडलीय, १८०९ची, फ्रेंच विरुद्ध ऑस्ट्रियन. नदी, बेट, नखाएवढे शिपाई, घोडे. धूळ बघूनच शिसारी आली. फडकं मारलं, तर बादलीतल्या पाण्यावर तेलकट काळा तवंग.

१७ सप्टेंबर

शंतनूने त्या लढाईचं सगळं वाचून काढलं आणि सांगायला मुहूर्त कोणता निवडला, तर जेवणाचा! पूल तुटून फ्रेंच जखमी बेटावर अडकले, उपाशी. मग घोडे मारले, चिलखतात रस्सा शिजवला, मिठाऐवजी बंदुकीची दारू घातली. शी! आमटीची वाटी बाजूला सारली. चांगलं फैलावर घेतलं त्याला.

२१ सप्टेंबर, सर्वपित्री

सासरे गेले तेव्हा व्हिसापायी शंतनूला भारतात जाता आलं नाही. ते त्याला अजून खातं. म्हणून आज सगळं साग्रसंगीत केलं, खीर, वडे, आमसुलाची चटणी. पण पान ठेवायचं कुठे? बाहेर अन्न ठेवलं की एचओएवाले, म्हणजे इथली कॉलनीची कमिटी, नोटीस धाडतात, असं नीनाकाकूंनी बजावलेलं. शेवटी बेसमेंटच्या खिडकीशी, त्या टेबलाच्या कडेवर ठेवलं. सवयीने तोंडातून निघालं, सावकाश होऊ द्या.

संध्याकाळी ताट चाटूनपुसून लख्ख. शंतनूचे डोळे भरून आले. बाबा जेवले, म्हणाला. मला वाटलं उंदीर.

२४ सप्टेंबर

खालून कुजका वास. शंतनूला येत नाही म्हणे. रोज ताट खाली नेतो. पितृपक्ष संपला रे, म्हटलं, तर म्हणे बाबांचं पोट भरलं नाही. कडाक्याचं भांडण झालं.

२६ सप्टेंबर

टेबलावरचे घोडे कमी झालेत. शंतनूच्या तोंडाला फटाक्यांसारखा वास येतो. त्याच्या दातांत काहीतरी अडकलं होतं. ओढून काढलं. केस. जाड, तपकिरी. ईऽऽ! बेसिनवर ओकले.

२८ सप्टेंबर

एकही घोडा उरला नाही. शिपाई ओळीने बसलेत, मांडी घालून, पंगतीसारखे. नीनाकाकू त्यांचा हरवलेला कुत्रा शोधत आल्या होत्या—

शंतनूला हात जोडून सांगितलं, ते बाबा नाहीत, मीच मूर्खासारखं परक्यांना जेवायला बसवलं, चल, आत्ताच्या आत्ता निघू. तुझ्याशिवाय मी जाणार नाही. तो म्हणाला, पंगतीतून कुणाला उपाशी उठवायचं नसतं.

३० सप्टेंबर

शंतनू खाली होता. हाक मारली, ओ देईना. गेले.

पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. पोटरी— अर्धीच— हाड दिसतंय. आणि हा हसतोय. पातेल्यात रस्सा—

वर पळाले. बाथरूमची कडी लावली. फोन खालीच राहिला, हातात ही वहीच तेवढी.

जिना चढतोय. एकच पाय वाजतो.

दाराखालून ताटली सरकवली. काळा रस्सा. शी. शी. माझा शंतनू—

तोंडाला पाणी का सुटतंय?

बंदुकीच्या दारूचा वास— नको— एकच घास—

बाहेरून म्हणतोय, सावकाश हो