भिंत चालत येत नाही

सोमवार, सुट्टीचा दिवस

चि. भिंगरीस आजीचा आशीर्वाद.

मी खुशाल आहे. तूही खुशाल असशील, कारण आजारी असतीस तर पत्र मोठं आलं असतं. तुझा बाप ट्रक घेऊन आला, दोन दिवस झोपला आणि परत गेला. घरात माणूस आलं होतं हे त्याच्या घोरण्यावरून कळलं.

दवाखान्यात पावत्या फाडायचं काम लागलं आणि बसायला खुर्ची मिळाली, हे वाचून बरं वाटलं. पण येईल त्याच्याकडे बघून हसायचं, असा तिथल्या बाईंचा हुकूम आहे आणि संध्याकाळी तुझे गाल दुखतात, हे काही मला समजलं नाही. आजारी माणसाकडे बघून हसलं तर आमच्या वेळी कानाखाली बसायची. आणि रोज हसायला लावतात तर त्या बाई स्वतः हसतात का? नसतील तर त्यांनाही एक पावती फाडून दे.

इकडे लॉन्ड्रीत सगळं होतं तसंच आहे. सुपरवायझरला तू घड्याळ्या नाव ठेवून गेलीस, ते आता असं चिकटलंय की परवा खुद्द मालकांच्या तोंडून निघालं. बायकांनी तोंडात पदर कोंबले. पंखा अजून बंदच आहे. स्टुलं कोठीत कुलपात आहेत. उभं राहिलं की हात जास्त चालतात, असं त्याला कुणीतरी सांगितलंय. सांगणारा बसूनच सांगत असणार.

तू गेल्यापासून घडीला मला जोडीदारीण नाही. हॉटेलांच्या त्या मोठ्या चादरींच्या घड्या एकटीनं कशा घालू, म्हणून मी विचारायला गेले. त्यानं भिंतीला दोन चिमटे ठोकून दिले. म्हणाला, "घ्या आजी, नवी जोडीदारीण. बोलत नाही, रजा मागत नाही."

मी म्हटलं, "साहेब, मग तिला तुमच्या जागी बसवा. आम्हाला बरं पडेल."

पण काम काही होत नाही बघ. दोन टोकं चिमट्यांत अडकवायची, दोन आपण धरायची, झटकायची, ताणायची, इथवर ठीक. पुढं टोकाला टोक लावायला जायचं तर सगळं चालणं माझंच. तू अर्ध्या वाटेत भेटायचीस. भिंत चालत येत नाही.

असो. पत्र लिहायचं कारण वेगळं आहे.

शनिवारी घड्याळ्यानं मला बोलावलं. त्या बिल्ल्याचं तो अजून विसरलेला नाही. संडासला जायचं तर खिळ्यावरचा लाकडी बिल्ला गळ्यात घालून जायचं, आणि एवढ्या बायकांत बिल्ला एकच, हे चुकीचं होतं हे मला मान्य आहे. पण तू तो चादरींबरोबर मशीनमध्ये टाकलास. वर "घ्या, स्वच्छ धुऊन निघेल," म्हणालीस आणि एप्रन काढून चालती झालीस. आत बिल्ला असा आपटला की मशीनच्या दाराची काच फुटली. तो आवाज अजून त्याच्या कानात आहे.

तरी तो म्हणतो, चार जणींसमोर माफी मागितली तर परत घेईन. दोन नवी हॉटेलं आलीत, घडीला हात पुरत नाहीत. आणि तू आलीस तर मला दुरुस्तीचं टेबल देणार आहे. फाटक्या चादरी रफू करायच्या, बसून.

दोन शब्द तर बोलायचेत. बोलून जीभ झिजत नाही. मी जन्मभर बोलतेय, माझी झिजली का? माझ्यासाठी म्हणत नाही हो. काम अडलंय म्हणून म्हणते.

पाय कसे आहेत विचारलंस. चांगले आहेत. माझ्या चपलेत मावत नाहीत, म्हणून तुझ्या बापाची जुनी घालते. चालताना फटाक फटाक वाजते, त्यामुळं मी येतेय हे आधीच कळतं आणि बायका माझी निंदा वेळेवर थांबवतात.

काय ते लवकर कळव.

आजी


शुक्रवार, कामावरून आल्यावर

भिंगरे,

आशीर्वाद खाली आहे, आधी हे वाच. सोमवारचं पत्र पोचलं असेल तर फाडून टाक. बॅग भरायला घेतली असशील तर कपडे जागच्या जागी ठेव. तू आधी निघणारी आणि मग विचार करणारी, म्हणून घाईनं लिहितेय.

झालं असं की, काल मी ते टेबल बघायला गेले. सोयरीक ठरण्याआधी घर बघून यावं तसं. तिथं आपली सुईवाली नेहमीसारखी रफू करत बसलेली. मी म्हटलं, "तुला कुठं टाकणार ग आता?"

तिनं चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "तुमच्या चिमट्यांवर. एक तारखेपासून. साहेब म्हणाले, आजींना बसायचंय, तुम्ही उठा."

तिची कंबर तुला ठाऊक आहे. टेबलाला धरून उठते, आणि उठली की जरा वेळ तशीच वाकलेली राहते. मला वाटलं आता चार शिव्या ऐकवेल. मी उत्तरंही तयार केली होती. तर म्हणते कशी, "माझं जाऊ द्या. नात येतेय ना? तुमचं घर भरेल."

टोमणा नव्हता ग. टोमणा असता तर मी तिथंच निकाल लावला असता.

तशीच घड्याळ्याकडं गेले. नुसतं विचारायला, की एक टेबल आणखी टाकलं तर तुमच्या बापाचं काय जातं. तोंड उघडायच्या आत त्यानं खण ओढून नवा बिल्ला काढला. पत्र्याचा, ताटलीएवढा. म्हणाला, "हा काही मशीनमध्ये टाकता येत नाही. तुमची नात आली की पहिले आठ दिवस तिच्याच गळ्यात राहील. कामावरसुद्धा. म्हणजे बाकीच्यांना शिस्त लागेल." नवा शर्ट दाखवावा तसा दाखवत होता.

मी म्हटलं, "साहेब, नात येत नाही."

"उत्तर आलं तिचं?"

"यायचंय."

"मग? आजी, जरा विचार करा. पाय बघा तुमचे."

"पाय माझे आहेत, मी रोज बघते. तुम्ही घड्याळ बघा."

"मग चिमट्यांवरच राहावं लागेल."

"राहीन की."

एवढंच बोलणं झालं. सुईवाली तिच्या टेबलावर आहे, मी माझ्या भिंतीपाशी. एक तारखेला तो आणखी काय काढतो ते एक तारखेला बघू.

आता खरं लिहिते. समोर असतीस तर लिहिलं नसतं, बोलले तर मुळीच नसते.

काम अडलंय म्हणून तुला बोलावलं नव्हतं. मालकाचं काम अडलं तर माझ्या घरची चूल विझत नाही. दुपारी मशीन थांबतं ना, तेव्हा स्टूल नाही म्हणून आपण जमिनीवर पाठीला पाठ लावून बसायचो. तुझी बडबड मला कानांनी अर्धीच ऐकू यायची, बाकीची पाठीतून यायची. मी "गप बस ग," म्हणायचे. आता चादरींच्या गठ्ठ्याला टेकते. मऊ असतो, ऊनही असतो. पाठ मात्र कान देऊन बसते, वेड्यासारखी.

आज दुपारी सुईवाली डबा घेऊन आली आणि माझ्या पाठीला टेकून बसली. बाई चांगली आहे. हाडं टोचतात.

तर येऊ नकोस. खुर्ची सोडू नकोस. गाल दुखले तर घरी जाऊन कुणालातरी शिव्या घाल, उतार पडतो, मी करून बघितलंय. आणि तिथंही कुणी बिल्ला काढलाच तर या वेळी मशीन शोधत बसू नकोस, आधी दुसरी नोकरी शोध.

तुमच्याकडं सुट्टी कोणत्या वारी असते ते लिही. काही काम नाही. सहज विचारलं.

आशीर्वाद. पोटभर जेव.

तुझी वाट न बघणारी,
आजी