चकल्यांचं तेल

विकास नगर, लखनौ
१६ नोव्हेंबर २०२५

सौ. लताताईस,

गीताचा नमस्कार. फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून हे पत्र. आता सांगलीत बसून निवांत वाच, मध्ये बोलता यायचं नाही.

इकडे सगळं ठीक. थंडी पडायला लागली, मटार स्वस्त झालाय, पुण्याहून माझ्या लेकाचा, संकेतचा, दर रविवारी फोन येतो. डिसेंबरात तू यायचं आणि आपण दोघींनी अयोध्येला जायचं, हे ठरलंच आहे. ‘त्या परदेशी मुलीला आधी हलव, तरच येईन,’ असं तू बजावलंस. त्याप्रमाणे मी नीमाला महिनाअखेर खोली सोडायला सांगितलं. ‘ठीक है, आंटी,’ म्हणाली आणि चष्मा पुसत बसली.

नीमा टांझानियाची. शिष्यवृत्तीवर इथे केमिकल इंजिनिअरिंगचं एम.टेक. करते. वर्ष झालं, मागच्या खोलीत राहते.

दिवाळीच्या चकल्या तळून उरलेलं काळं तेल मी मोरीत ओतणार, तर ही धावत आली. “आंटी, नाली में नहीं! मुझे दीजिए!” तिचा प्रकल्पच तो, तळणीच्या तेलाचं डिझेल करायचं. निशातगंजच्या समोसेवाल्या भैयाकडूनही डबे भरभरून आणते. मला वाटलं, खुळी आहे पोर.

आणि परवा, खोली सोड म्हटल्यानंतर चौथ्या दिवशी बरं का, मला म्हणते, “आंटी, आज लैब में आपका तेल है। देखने चलेंगी?” नाही म्हणायला मला तोंड कुठे होतं? गेले.

ताई, काचेचं एक मोठं नरसाळं, खाली तोटी. त्यात आपलं तेल, काय काय घालून, तापवून ओतलेलं. दिसायला गढूळ, चहासारखं. “अब कुछ नहीं करना है, बस देखिए,” म्हणून तिने मला स्टुलावर बसवलं. बघता बघता ते वेगळं व्हायला लागलं गं! मळकट तपकिरी सगळं खाली बसत गेलं आणि वर स्वच्छ सोनेरी राहिलं. मध्ये रेघ, पट्टीने मारावी इतकी सरळ. कुणी हातसुद्धा लावला नव्हता. अर्धा तास मी आ वासून बसले होते. वरचं इंधन, खालचं ग्लिसरीन, ते साबणाला चालतं म्हणे. साठ वर्षांची झाले, जन्मभर तळणं तळली, आणि तेलाच्या पोटात हे असतं याचा पत्ता नाही.

मग आधीच तयार करून ठेवलेलं थोडं इंधन, तेही माझ्याच तेलाचं, तिने एका छोट्या इंजिनात घातलं. हँडल मारलं, धडधड सुरू. आणि धुराला तळणीचा वास! पोरं हसायला लागली, मी मात्र रडले. विमानांची इंजिनं दुरुस्त करण्यात ह्यांची अख्खी हयात गेली. आज असते तर तिथून हललेच नसते.

त्या इंधनाच्या बाटलीवर चिठ्ठी होती, ‘गीता आंटी’. खोली सोड म्हटल्यावरही तिने ती काढली नव्हती.

आता जे टाळत होते ते लिहिते. तुझ्या नावावर मी माझं खपवलं. तू बोलण्याच्या कितीतरी आधीपासून, पहिल्या दिवसापासून, मी तिची कपबशी वेगळी ठेवली होती. तिला ते कळत होतं. विसळून ती आपणहून खिडकीत ठेवायची, मला अवघड वाटू नये म्हणून. माझ्या लेकीच्या वयाची पोर मला सांभाळून घेत होती. लाज वाटते मला, ताई.

काल तिला म्हटलं, जाऊ नकोस. तिने एवढंच विचारलं, “और आपकी दीदी?”

त्याचं उत्तर तू द्यायचंस. खोली तिचीच राहील. तू माझ्याजवळ झोप, लहानपणी झोपायचो तशी. जेवायला तिघी एकत्र बसू. जमत असेल तर ये, आम्ही दोघी स्टेशनवर घ्यायला येऊ. जमत नसेल तर यंदा येऊ नकोस. हे लिहिलेलं मी खोडणार नाही.

आजवर तुझं सगळं ऐकलेली,
गीता